विसरभोळा ब्राउझर

महाडातल्या निम्म्या लोकांना टायपिंग कमलाकर सरांनी शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या विद्यार्थ्यांनी, असं सर स्वतःच सांगत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर सालापासूनची त्यांची इन्स्टिट्यूट. पुढे टाइपरायटरची सद्दी संपली तसे सरांनी संगणक आणले. दोन हजार पाच साली सावित्री नदीच्या पुरानं तेही गिळले, तेव्हा वरच्या मजल्यावर पाच नवे मांडले, मध्ये प्लायवूडचे आडोसे ठोकले, प्रत्येक आडोशाला कडीचं दार दिलं आणि 'सावित्री इंटरनेट' अशी पाटी चढवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसं गुडघ्याच्या तेलाची चौकशी करतात, सर मोडेमची करत होते.

सरांची एक शिकवण मात्र तालुकाभर पसरली होती. खेड्यातून आलेला माणूस संगणकासमोर तसा धीटपणे बसे, पण पडद्यावर मध्येच प्रश्नाची चौकट उगवली की त्याचे हातपाय गळत. एकदा एक मुख्याध्यापक अशा चौकटीसमोर वीस मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले होते, दवाखान्यात नंबर यायची वाट पाहावी तसे. त्या दिवशी सरांनी फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'प्रश्न आला की एंटर.' आधी भीती जाऊ दे, बाकीचं मागाहून. आणि भीती खरंच गेली! पोलादपूरपासून वरंधपर्यंत लोक बिनधास्त एंटर मारायला लागले. पुढे जाऊ का? एंटर. तुमचा पासवर्ड लक्षात ठेवू का? एंटर. मग दुसऱ्या खेपेला नाव-पासवर्ड आपोआप भरलेले दिसत आणि लोक चकित होत. सरांना तर त्याचं कोण कौतुक. "माणूस विसरतो, मशीन विसरत नाही," ते छाती फुगवून सांगत, "हीच आपली सेवा."

या सेवेनंच वरंधच्या येसाजींचा घात केला.

येसाजी म्हणजे गावचे मानकरी, पालखीला पहिला खांदा त्यांचा. सोळा वर्षं मुंबईच्या गिरणीत काढलेली, त्यामुळे इंग्रजी अक्षरांची ओळख होती. एकुलता एक मुलगा यशराज. त्यानं मुंबईत आपल्या पसंतीनं लग्न केलं आणि मस्कतला नोकरीला निघून गेला. तेव्हा येसाजी भर गावकीत, देवळात उभे राहून म्हणाले होते, "मला मुलगा नाय." देवळात बोललेला शब्द परत घ्यायची रीत त्यांच्याकडे नव्हती. त्याला सहा वर्षं होऊन गेली.

मग गेल्या गणपतीनंतर एका बाजाराच्या दिवशी येसाजी जिना चढून आले, सरांना गॅलरीत बोलावलं आणि धोतराच्या सोग्यातून एक कागद काढला. त्यावर मुलाचा ईमेलचा पत्ता होता. कुठून मिळवला ते सरांनी विचारलं नाही.

"मास्तर, ह्यो पत्र पाठवायचा मला शिकवा," येसाजी म्हणाले. "पन ह्ये तुमच्या-माझ्यात. साळूबायलाबी ठावं नाय."

साळूबाई म्हणजे त्यांची बायको. सरांनी छातीवर हात ठेवला. खातं उघडून दिलं, एका बोटानं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत कसे लिहायचे ते दाखवलं, आणि प्रश्न आला की एंटर, हेही न विसरता सांगितलं. तेव्हापासून दर बाजाराला येसाजी तीन नंबरच्या आडोशात तासभर बसत. आतून एकेक अक्षर ठक, ठक असं ऐकू येई आणि सरांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

डिसेंबरातल्या एका बाजारी येसाजी उठून गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मुरारी येऊन बसला. मुरारी वरंधचाच, पिठाच्या गिरणीचा मालक. दळण आणि बातम्या दोन्ही त्याच्याकडे ताज्या मिळत. त्याला मेव्हण्यानं पाठवलेले फोटो बघायचे होते. त्यानं पत्रांचं पान उघडलं, चौकटीत काहीतरी आधीच भरलेलं होतं, मुरारीनं सरांचं स्मरण करून एंटर मारलं आणि येसाजींची अख्खी पेटी त्याच्यासमोर उघडली.

परतीच्या एसटीत त्यानं ते सगळ्यांना ऐकवलं. वाईट मनाचा नव्हता तो, पण एवढी मोठी बातमी त्याच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं. येसाजी लेकाला पत्रं लिहितात. अकरा लिहिली. आणि उत्तर एकाचंही आलेलं नाही! गाडी घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत ते मागच्या बाकापर्यंत पोचलं. पुढच्या बाकावर येसाजी बसले होते. ते मध्येच, गाव यायच्या आधी तीन मैल, उतरून चालत गेले.

पुढचा बाजार आला, येसाजी आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. सरांना मुरारीकडूनच सगळं कळलं. कुणी चोरून वाचलं असतं तर त्याच्यावर डाफरता आलं असतं. इथे तर सगळ्यांनी सरांचंच ऐकलं होतं, येसाजींनीही आणि मुरारीनंही.

हे त्यांनी बोलून दाखवलं ते देवश्रीपाशी. देवश्री त्यांची जुनी विद्यार्थिनी. पुण्याला शिकून आली होती आणि आता सकाळी संगणकाचे वर्ग घेई. सव्वीस वर्षांची, बोलायला कमी, आणि एखादी गोष्ट पटली नाही की नुसती डावी भुवई वर करणारी. सरांना वाटलं होतं ती म्हणेल, फळ्यावरचं ते वाक्य पुसा. सर डस्टर हातात घेऊन तयारच होते.

"राहू द्या," देवश्री म्हणाली. "पुसून काय होणार? इतकी वर्षं तुम्ही लोकांची बोटं वळवलीत, ती आता सरळ व्हायची नाहीत. एंटर मारणारच ते. मारू दे. एंटर मारला तरी कुणाचं वाकडं होणार नाही असा ब्राउझर शोधू."

"ब्राउझर शोधायचा? आहे की तो, मशीनबरोबर आला तो."

"मशीनबरोबर आला म्हणूनच तो आहे, सर. आपण कुठे निवडला?"

पाच मशीनं घेताना सरांनी खुर्च्यांचा रंगसुद्धा तीनदा बदलून घेतला होता, आणि ज्या खिडकीतून अख्खा तालुका जग बघतो ती खिडकी कुणी निवडली हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

देवश्रीनं मग जे केलं ते सर पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत. एसटी स्टँडवरच्या दुकानातून तिनं संगणकाची दोन मासिकं आणली, कारण त्यांच्याबरोबर सीडी मिळे आणि सीडीवर निरनिराळे ब्राउझर असत. आपल्या फोनच्या तारेवरून ते उतरवायचे म्हटलं असतं तर होळी आली असती. एका मशीनवर जुनाच ठेवला, दुसऱ्यावर सीडीवरचा एक, तिसऱ्यावर दुसरा. आणि तिघांतल्या एकाही सेटिंगला हात लावला नाही.

"अगं, बरोबर करून तरी दे," सर म्हणाले. "तिन्हींत आत शिरून बंद करता येत असेल ना ते लक्षात ठेवणं?"

"येतं. पण उद्या मशीन बिघडलं, कुणी दुरुस्तीला आलं, त्यानं सगळं नव्यानं टाकलं, मग? कुणी हात लावत नाही तेव्हा तो कसा वागतो, ते मला बघायचंय. आपली माणसं हात लावत नाहीत, सर. जसं मिळालं तसं वापरतात."

आठ दिवस गिऱ्हाइकं नेहमीसारखी येत राहिली. कुणी निकाल बघितले, कुणी आखाती नोकरीचे फॉर्म भरले, कुणी दार घट्ट लावून काय केलं ते त्यालाच ठाऊक. दुपारी वीज जायच्या आधी तासभर दुकान रिकामं असे. तेव्हा देवश्री तिन्ही मशीनवर आळीपाळीनं बसे, आधी येऊन गेलेला माणूस मागे काय काय सोडून गेला ते बघे आणि शाळेच्या एका वहीत लिही.

चौथ्या दिवशी सरांना राहवलं नाही, त्यांनी ती वही उघडली. त्यांना वाटलं होतं, नावं असतील, पत्ते असतील, महाडची सगळी अंडीपिल्ली असतील. खोटं कशाला बोला, थोडी आशाही होती. वहीत नुसते आकडे. एक नंबर सतरा, दोन नंबर बावीस, तीन नंबर चार.

"सतरा म्हणजे काय सतरा?"

"सतरा ठिकाणी माणसाचा माग राहिला."

"कुणाकुणाचा?"

"ते वाचलं नाही मी."

"न वाचता मोजलंस?"

"बिळं मोजायला आत हात घालावा लागत नाही, सर."

सर वही मिटून खिडकीशी गेले. त्यांना त्या मुलीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि स्वतःची तितकीच लाजही वाटली. तिच्या जागी ते असते तर त्यांनी वाचलं असतं. एकूणएक वाचलं असतं, आणि वर म्हटलं असतं की तपासणीसाठी वाचलं.

आठ दिवसांनी तिनं निकाल सांगितला. मशीनबरोबर आलेला ब्राउझर मनानं वाईट नव्हता, पण त्याला सगळं आठवायची हौस होती. त्याच्या प्रत्येक चौकटीत 'होय' हेच बटण आधीपासून निवडलेलं असे, म्हणजे एंटर मारला की होय. दोन नंबरचा दिसायला देखणा, रंगीत, वर एक शोधायची पट्टी. ती पट्टी लोक काय काय शोधतात ते तिच्या मालकाला कळवत होती. तसं त्या मालकानं अटींच्या पानावर प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. ते पान देवश्रीनं सगळं वाचलं. महाडातच काय, सगळ्या जिल्ह्यात ते वाचणारी ती बहुधा एकटीच असावी.

तीन नंबरचा अगदी साधा. राखाडी रंगाचा, नाव कुणी न ऐकलेलं. तो पासवर्डाचं विचारी तेव्हा 'नको' हे बटण पुढे असे. दुसऱ्या कुणा कंपनीला आपल्या पानात डोकावू द्यायचं तर आधी विचारी, आणि तिथेही पुढे 'नको'च. बंद केला की बहुतेक सगळं विसरून जाई.

"बहुतेक?" सरांनी विचारलं. आता तेही शिकले होते.

"चार गोष्टी राहतात. उघडलेल्या पानांची यादी आणि अशाच किरकोळ. त्याला एक खूण करावी लागते, एकदाच. अगदी निर्मळ असा एकही नाही, सर. हा त्यातल्या त्यात सज्जन. एंटर मारून मारून याच्याकडून काही वाईट करून घेता येत नाही."

पाचही मशीनवर तो चढला. चार ओळींचा एक कागद तिनं भिंतीला डकवला, नव्यानं टाकायची वेळ आली तर काय करायचं त्याचा. पुढचे पंधरा दिवस गिऱ्हाइकांनी सरांचं डोकं खाल्लं. पासवर्ड कुणाच्याच लक्षात नव्हते, आजवर मशीनच्या भरवशावर सगळे निर्धास्त होते. एकदा सर इतके वैतागले की जुनाच परत लावू म्हणाले. देवश्रीनं डावी भुवई वर केली. सरांनी मुकाट्यानं प्रत्येकाला नवा पासवर्ड करून दिला आणि तो ज्याच्या त्याच्या हातानं कागदावर लिहून ज्याच्या त्याच्या खिशात घालायला लावला.

पण ज्याच्यासाठी हे केलं तो माणूस वरंधला बसून होता. एका रविवारी सर आणि देवश्री एसटीनं त्याच्याकडे गेले.

येसाजी अंगणात वालाच्या शेंगा झोडत होते. बसा म्हणाले, साळूबाईंनी चहा आणला, पण येसाजींची मान वर झाली नाही. सरांनी वाटेत जुळवलेलं भाषण विसरून एकदम सांगून टाकलं, "येसाजी, मुरारीची चूक नाही. मीच तुम्हा दोघांना एंटर शिकवला. माझ्यामुळे झालं."

"झाला त्यो झाला मास्तर," येसाजी म्हणाले. "माझा अक्षर गावान वाचला. आता काय लिवायचा? लिवायला बसलो की वाटतंय, मागं समदी गाडी उभी हाय."

साळूबाई दाराशी पदर धरून उभ्या होत्या. नवरा लेकाला लिहितो हे त्यांनाही त्या एसटीतल्या बायकांकडूनच कळलं होतं. आता त्या देवश्रीच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात सगळं होतं.

देवश्रीनं कप खाली ठेवला. "काका, आता नवीन बसवलाय. तो विसरतो. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका."

येसाजींनी पहिल्यांदा मान वर केली. "मंग?"

"स्वतः बघून घ्या. तुम्ही काहीही लिहा, बंद करा, आणि मग ज्याच्यावर सगळ्यात कमी भरवसा असेल त्याला त्या खुर्चीवर बसवा. त्याला सापडलं तर पुन्हा येऊ नका."

येसाजींनी शेंगांवर चार काठ्या ओढल्या. मग म्हणाले, "मुरारी गिरनीवं आसल."

पुढच्या बाजाराला जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. पुढे येसाजी, मागे मुरारी, शाळेत बाकावर उभं करायला आणल्यासारखा चेहरा करून. येसाजींनी तीन नंबरचं दार आतून लावलं. ठक, ठक. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आपापलं काम सोडून ऐकत होती. दहा मिनिटांनी येसाजी बाहेर आले.

"बस," त्यांनी मुरारीला सांगितलं. "दाब तुझा एंटर."

मुरारीनं दाबला. कोरं पान.

"आनि दाब."

मुरारीनं पंधरा वेळा दाबला. पत्रांचं पान उघडलं, तर नावाची चौकट रिकामी. बाण खाली ओढला, तरी रिकामी. त्यानं सरांनी शिकवलेली होती नव्हती ती सगळी बटणं दाबली. शेवटी तो घामेघूम होऊन म्हणाला, "काका, नाय ओ. जशे काय तुमी आलाच नवता." आणि मग खाली बघत, हळूच, "चुकलो मी काका."

येसाजींनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच. मग ते देवश्रीकडे वळले. "ह्यो तू बनवलास गो बाय?"

"नाही काका. कुणी कुठे बनवला ते मलाही माहीत नाही. मी फक्त निवडला."

"फकस्त?" येसाजी म्हणाले. "पोरी, बी निवडनाऱ्या हाताला आमच्याकडं नमस्कार करतात." आणि त्या उंच, ताठ माणसानं सगळ्यांदेखत तिला हात जोडले. देवश्री गोरीमोरी झाली आणि कुठलातरी प्लग तपासायला टेबलाखाली शिरली. सरांनी फळ्याकडे तोंड करून नाक पुसलं.

येसाजी पुन्हा दर बाजाराला यायला लागले आणि सरांच्या जिवाची नवीच तगमग सुरू झाली. उत्तर आलं का? अकराचं नव्हतं आलं, बाराव्याचं आलं का? येसाजींच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती, तो चेहरा गिरणीत आणि शेतात घडलेला. एकदा ते उठून गेल्यावर सर तीन नंबरमध्ये सहज म्हणून टेकले. ते सहज नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं. ब्राउझर उघडला. राखाडी, कोरा, सभ्य. त्यांनी सेवा म्हणून बसवलेल्या वस्तूनं त्यांनाही बाहेरच उभं केलं होतं. सर तिथेच बसून एकटेच हसले. देवश्रीनं दारातून विचारलं, "काय झालं, सर?" तर म्हणाले, "काही नाही गं. काम चोख केलंस."

फेब्रुवारी सरत आला होता. एका बाजारी येसाजी आले ते साळूबाईंना घेऊन. त्या माउलीनं जन्मात पहिल्यांदा तो जिना चढला होता. नवं लुगडं, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. त्या कुणाकडे न बघता नवऱ्यामागोमाग तीन नंबरमध्ये शिरल्या. एकच खुर्ची होती. देवश्रीनं दुसरी आत सरकवली आणि दार ओढून घेतलं.

सरांचं टेबल त्या आडोशाला लागून. प्लायवूड पातळ. बराच वेळ ठक, ठक ऐकू आलं, मग थांबलं. मग येसाजींचा आवाज आला, हलका, शाळेतल्या मुलानं धडा वाचावा तसा एकेक शब्द जोडत. साळूबाईंना वाचता येत नव्हतं. ते त्यांना वाचून दाखवत होते.

"आये..." येसाजींनी वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "आये, तुजी..."

तीन महिने ज्यासाठी सरांचा जीव टांगला होता ते सगळं हातभर अंतरावर, पातळ फळीपलीकडे होतं. त्यांना फक्त बसून राहायचं होतं. कुणाला कळलं नसतं, कुणी दोष दिला नसता, दुकान त्यांचं, खुर्ची त्यांची.

ते उठले. आवाज होऊ नये म्हणून खुर्ची उचलून मागे ठेवली, देवश्रीला बाहेर यायची खूण केली, आणि दोघंही गॅलरीत येऊन उभे राहिले. सरांनी मागे दार लोटून घेतलं. खाली बाजार ऐन भरात होता, वालाच्या शेंगांच्या राशी, ओरडणारे विक्रेते, एसटीचे हॉर्न. आतलं एक अक्षर इथे ऐकू येत नव्हतं.

"किती वेळ उभं राहायचं, सर?" देवश्रीनं विचारलं.

"त्यांचं होईपर्यंत," सर म्हणाले.